फ्लिप्ड क्लासरूम : समज कमी, गैरसमज फार

शाळेचं नवं सत्र सुरू झालं की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा नवा शब्द हमखास येतो. कधी 'स्मार्ट क्लास', कधी 'अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड लर्निंग', कधी 'कोडिंग'. गेल्या काही वर्षांत या यादीत 'फ्लिप्ड क्लासरूम'ची भर पडली आहे. "मुलांनी धड्याचा व्हिडिओ घरी पाहून यावा, वर्गात सराव घेतला जाईल" एवढाच निरोप शाळेकडून येतो आणि ग्रुपवर धुरळा उडतो. शिक्षक शिकवणार नसतील तर शाळा कशाला? फी मात्र पूर्ण? मोबाईल हातात देऊ नका म्हणणारेच आता मोबाईल द्या म्हणतात? आणि आजी-आजोबांचा ठरलेला शेरा, "आमच्या वेळी मास्तर फळ्यावर शिकवायचे, तेवढं पुरत होतं."

यातल्या काही शंका रास्त आहेत, काही निव्वळ गैरसमजातून आल्या आहेत. गंमत म्हणजे ही पद्धत राबवणाऱ्या काही शाळांचाही तोच गैरसमज असतो आणि त्याची किंमत मुलं मोजतात. म्हणून हा विषय जरा नीट पाहू.

उलटं नेमकं काय होतं?

नेहमीच्या पद्धतीत शिक्षक नवा धडा वर्गात समजावून सांगतात आणि त्यावरची गणितं, प्रश्नोत्तरं मुलं घरी सोडवतात. फ्लिप्ड पद्धतीत या दोन कामांच्या जागा बदलतात. धड्याची तोंडओळख मुलं घरून करून येतात आणि गणितं सोडवणं, वाद घालणं, प्रयोग करणं, अडणं आणि त्यातून सुटणं हे सगळं वर्गात, शिक्षकांसमोर होतं.

हे नाव रूढ झालं ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांमुळे. जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये शिकवत. खेळांच्या स्पर्धांमुळे बरीच मुलं तासाला गैरहजर राहायची. त्यांच्यासाठी २००७ मध्ये या दोघांनी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं की मुलांना शिक्षकाची खरी गरज शिक्षक समजावत असताना नसते, मूल अडतं तेव्हा असते. आणि मूल अडतं ते घरी, रात्री, गृहपाठ करताना. तेव्हा शिक्षक जवळ नसतात. २०१२ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि हा शब्द जगभर पसरला.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं खरं तर कारण नाही. गणेशोत्सवात हौशी नाटक बसवणाऱ्या कुणालाही विचारा. संवाद पाठ करायचे ते घरी. तालमीचा वेळ उभं राहायचं कुठे, बोलायचं कसं, समोरच्याच्या वाक्याला दाद कशी द्यायची यासाठी असतो. दिग्दर्शक रोज संध्याकाळी संहिता वाचून दाखवत बसला आणि तालीम ज्याने त्याने आपापल्या घरी करायची ठरली, तर तिसरी घंटा कधीच वाजणार नाही. आपण मुलांच्या गणिताचं नेमकं हेच करतो.

गैरसमज पहिला : व्हिडिओ दाखवला की फ्लिप झालं

हा सर्वांत पसरलेला गैरसमज. शाळेने यूट्यूबची लिंक पाठवली, मुलांनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षकांनी तोच धडा पुन्हा फळ्यावर शिकवला, तर उलटं काहीच झालेलं नाही. फक्त मुलांचा दिवस लांबला.

व्हिडिओ हे साधन आहे, आणि तेही एकमेव नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून आपला वर्ग बदलला तेव्हा यूट्यूब जन्मालाही आलं नव्हतं. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत होती, परीक्षेतली अवघड गणितंही विद्यार्थी सोडवत होते. पण बल आणि गती यांवरचे अगदी साधे, रोजच्या भाषेतले प्रश्न दिल्यावर बरेच जण चुकले. वर्गातून त्यांना एक प्रश्नही आला: हे तुम्ही शिकवलंत तसं सोडवायचं, की आम्हाला खरं वाटतं तसं? त्या प्रश्नाने माझूर हादरले. पुढे ते विद्यार्थ्यांना पुस्तकाची पानं आधी वाचून यायला सांगू लागले. वर्गात एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं, असा त्यांचा तास चालू लागला. घरचं साधन होतं छापील पुस्तक.

आणखी जवळचं उदाहरण आपल्या इंदूरमध्येच आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या आयआयएम इंदूरमध्ये, देशातल्या इतर व्यवस्थापन संस्थांप्रमाणेच, 'केस' पद्धतीने शिकवलं जातं. एखाद्या कंपनीपुढचा खरा पेच पंधरा-वीस पानांत मांडलेला असतो. विद्यार्थ्यांनी तो आधी वाचून, आकडेमोड करून यायचं आणि वर्गात त्यावर चर्चा करायची. त्याला कुणी 'फ्लिप्ड' म्हणत नाही, पण गाभा तोच आहे.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दलही असाच घोळ होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, एनसीईआरटीच्या पुस्तकांतही आले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपल्याला आठवत असेल. कोडमुळे धडा घरापर्यंत पोहोचतो ही मोठीच सोय आहे. पण घरी धडा पोहोचल्यावर वर्गातल्या वेळाचं काय करायचं, हे कोड सांगत नाही. ते शिक्षकांनी ठरवायचं असतं.

गैरसमज दुसरा : हे ऑनलाइन शाळेचंच नवं नाव

२०२० आणि २०२१ ची आठवण अजून ताजी आहे. चौकटीतले चेहरे, म्यूट केलेले माइक आणि कॅमेरा बंद करून झोपलेली मुलं. त्यामुळे 'घरी व्हिडिओ' म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो.

पण दोन्हींची दिशा विरुद्ध आहे. ऑनलाइन शाळेत समोरासमोरचा वेळ नाहीसा झाला होता. फ्लिप्ड पद्धतीत समोरासमोरचा वेळ इतका मोलाचा मानला जातो की रेकॉर्ड करून सांगता येण्यासारखं काहीही त्यात घालायचं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही डिजिटल शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष वर्गाचं महत्त्व मान्य केलं आहे आणि दोन्हींचा मेळ घालणाऱ्या पद्धती शोधायला सांगितलं आहे.

इथे इंदूरशी नातं असलेलं एक नाव आवर्जून घ्यायला हवं. प्रा. दीपक फाटक. इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया कॉलेजातून म्हणजे एसजीएसआयटीएसमधून बी.ई., पुढे आयआयटी मुंबईत एम.टेक., पीएच.डी. आणि तिथेच अनेक दशकं अध्यापन. २०१३ मध्ये पद्मश्री. अभियांत्रिकी कॉलेजांतल्या हजारो शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा आयआयटीचा कार्यक्रम त्यांनी चालवला. त्यात पवईहून व्याख्यानं थेट प्रक्षेपित व्हायची, पण देशभरातल्या केंद्रांवर शिक्षक एकत्र बसून प्रत्यक्ष काम करायचे. पुढे ऑनलाइन अभ्यासक्रम आले तेव्हाही हाच विचार चालू राहिला: मजकूर आयआयटीचा, पण वर्ग चालवणारा शिक्षक त्या त्या कॉलेजचा. दूरच्या नामांकित प्राध्यापकाने जवळच्या शिक्षकाची जागा घ्यायची नाही, त्याचा वेळ मोकळा करायचा.

गैरसमज तिसरा : शिक्षकांचं काम वाचतं

"व्हिडिओ शिकवणार, मग टीचर काय करणार?" हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. जरा हिशेब करून पाहू.

समजा तास ४० मिनिटांचा आहे आणि वर्गात ५० मुलं आहेत. शिक्षकांनी ३० मिनिटं समजावण्यात घालवली तर उरली १० मिनिटं, म्हणजे दर मुलामागे १२ सेकंद. बारा सेकंदांत "समजलं का?" विचारून "हो मॅम" ऐकता येतं, बाकी काही नाही. आता समजावण्याचा भाग घरी गेला आणि ३० मिनिटं मोकळी झाली. पाच-पाच मुलांचे दहा गट केले तर दर गटामागे तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत वहीत डोकावून कोण कुठल्या पायरीवर घसरतंय हे दिसतं.

पण ही तीन मिनिटं वापरायला शिक्षकाला जास्त तयारी लागते. ठरलेला धडा ठरलेल्या क्रमाने सांगणं एक वेळ सोपं. दहा गटांत दहा वेगळ्या ठिकाणी अडलेल्यांना, उत्तर न सांगता वाट दाखवणं कितीतरी अवघड.

एक उदाहरण घेऊ. आठवीतलं चक्रवाढ व्याज. घरी मुलांनी सहा मिनिटांचा व्हिडिओ पाहायचा किंवा पुस्तकाची दोन पानं वाचायची आणि एकच प्रश्न वहीत सोडवून आणायचा: १०,००० रुपये, १० टक्के दर, दोन वर्षं. सरळव्याज येतं २,००० आणि चक्रवाढ व्याज २,१००. मग हे वरचे १०० रुपये आले कुठून? पहिल्या वर्षीच्या १,००० रुपये व्याजावरचं ते व्याज, हे ज्याला सुचलं त्याला सूत्राचा आत्मा कळला. वर्गात शिक्षक पुढची पायरी टाकतात: तेच व्याज वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी मोजलं तर? उत्तर २,१५५ रुपये आणि काही पैसे. पण १० टक्क्यांचे ५ टक्के करायचे आणि दोनाचे चार कालखंड करायचे, हे मुलांनी गटात भांडून शोधायचं असतं. मग एक गट बँकेच्या मुदत ठेवीचं पत्रक वाचतो, दुसरा मोबाईलच्या हप्त्यांचा हिशेब तपासतो. अशा वेळी शिक्षक रिकामे बसलेले नसतात.

वर्गाचा वेळ मुलांच्या हाताने काम करण्यासाठी, हा विचार आपल्या मध्य प्रदेशात जुना आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात येऊन काम करत. मुलं स्वतः प्रयोग करत, निरीक्षणं लिहीत, त्यावर वाद घालत; परीक्षेत पुस्तक उघडून लिहायची मुभा होती. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने हे काम पुढे नेलं आणि ते सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचलं. तिथे घरून व्हिडिओ पाहून यायचं नव्हतं, त्यामुळे त्याला फ्लिप्ड म्हणता येणार नाही. पण वर्गातला शिक्षक नुसता सांगणारा न राहता प्रश्न विचारणारा झाला पाहिजे, हे त्यात होतं. बोर्डाच्या निकालांवरून तक्रारी झाल्या आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम थांबलं. नवी पद्धत टिकायची तर ती पालकांना आणि समाजाला समजावी लागते, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

गैरसमज चौथा : वर्गात गोंधळ म्हणजे अभ्यास नाही

मूल घरी येऊन सांगतं, "आज मॅमनी काही शिकवलंच नाही, आम्हीच आपापसात बोलत होतो." पालक चिडतात.

हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी एकच विषय काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यानातून शिकवला आणि काहींना गटाने प्रश्न सोडवायला लावून. मग दोन्ही गटांची अदलाबदल केली. प्रश्न सोडवणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते. पण "किती शिकलात?" असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनाच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः सोडवताना अडखळायला होतं, आणि ते अडखळणं म्हणजे न समजणं असा समज होतो.

हे आपल्याला व्यवहारातून ठाऊक आहे. पुरणपोळीचा व्हिडिओ पाहताना पोळी लाटणं किती सोपं वाटतं! पोळपाटावर पुरण बाहेर आलं की खरं शिक्षण सुरू होतं, आणि तेव्हा शेजारी आई किंवा सासूबाई उभ्या असल्या तर पोळी वाचते.

गैरसमज पाचवा : हे फक्त सुखवस्तू घरांसाठी

ही शंका मात्र गंभीर आहे आणि तिला अर्धं उत्तर "हो" असंच द्यावं लागतं.

आधी दुसरं अर्धं उत्तर. घरोघरी सारखी परिस्थिती नसते, याचा फटका नेहमीच्या गृहपाठाला सर्वांत जास्त बसतो. ज्या घरात बाबा इंजिनीयर आहेत तिथे रात्री नऊ वाजता अडलेलं गणित सुटतं. ज्या घरात आई-वडील दोघंही दुकानातून दहाला परततात तिथे ती वही तशीच शाळेत जाते आणि सकाळी कुणाची तरी उतरवली जाते. शिक्षणातलं सर्वांत अवघड काम आपण अशा ठिकाणी पाठवतो जिथे मदत मिळेल की नाही हे नशिबावर अवलंबून आहे. ते काम वर्गात आणलं तर फायदा पहिल्यांदा दुसऱ्या घरातल्या मुलाला होतो.

पण घरचा भाग इंटरनेट आणि स्वतंत्र मोबाईलवर टांगला तर हाच फायदा उलटतो. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. घरात फोन असणं म्हणजे तो अभ्यासासाठी मिळणं नव्हे. शहरातही एका फोनवर दोन भावंडं आणि बाबांचे ऑफिसचे कॉल अशी ओढाताण असतेच.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. बर्गमन-सॅम्स यांनी इंटरनेट नसलेल्या मुलांना डीव्हीडी दिल्या होत्या. आज पेन ड्राइव्ह किंवा दोन छापील पानं चालतात. मूल तरीही न पाहता आलं, तर? इथे आमच्या क्षेत्रातला एक दाखला उपयोगी पडेल. अ‍ॅमेझॉन कंपनीत मोठ्या बैठकांच्या सुरुवातीला सगळे जण शांत बसून आधी टिपण वाचतात, मग चर्चा होते. मोठमोठे अधिकारीही आधी वाचून येत नाहीत, हे मान्य करून काढलेली ही वाट आहे. शाळाही तासाची पहिली सात-आठ मिनिटं वाचनाला देऊ शकते, किंवा न पाहिलेल्यांना वर्गातच एका कोपऱ्यात तो भाग दाखवू शकते. वर्गाबाहेर उभं करणं हा उपाय नाही.

इंदूरच्या मराठी घरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. आपली मुलं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. इंग्रजीतून एकदाच वेगाने सांगितलेली व्याख्या सुटून गेली की सुटली. चाळीस जणांसमोर "पुन्हा सांगा" म्हणायला धीर लागतो. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. आणि मूल घरातच असल्यामुळे पाहिलेलं आजीला मराठीत सांगू शकतं. "चक्रवाढ म्हणजे व्याजाला पण व्याज लागतं गं आजी" हे वाक्य ज्याला जमलं, त्याला धडा समजला.

गैरसमज सहावा : फ्लिप केलं की निकाल सुधारतोच

हा गैरसमज बाजू घेणाऱ्यांचा. जाहिरातीच्या पत्रकांत तो हमखास दिसतो. प्रत्यक्षातलं चित्र संमिश्र आहे.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या कॉलेजमधल्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना वर्गात काम करायला लावणाऱ्या पद्धतींत २१.८ टक्के. फरक मोठा आहे. पण तो 'सक्रिय शिक्षणा'चा आहे, व्हिडिओचा नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०१५ मध्ये जीवशास्त्राच्या दोन वर्गांची तुलना झाली. दोन्ही वर्गांत विद्यार्थी सक्रिय होते, फक्त एक फ्लिप्ड होता आणि दुसरा नव्हता. दोघांच्या शिकण्यात फरक दिसला नाही.

अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वर्ग वाटून प्रयोग झाला. फ्लिप्ड वर्गाला गणितात सुरुवातीला थोडा फायदा झाला, अर्थशास्त्रात झाला नाही. सरासरी फायदा पुढे टिकला नाही. शिवाय आधीच पुढे असलेल्या विद्यार्थ्यांनाच जास्त लाभ झाला आणि मागच्यांशी त्यांचं अंतर वाढलं. म्हणजे मागे राहणाऱ्यांकडे वर्गात मुद्दाम लक्ष दिलं नाही, तर ही पद्धत दरी रुंदावू शकते.

व्हिडिओच्या लांबीबद्दलही जाता जाता. ऑनलाइन अभ्यासक्रम पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासणाऱ्या २०१४ मधल्या एका अभ्यासात दिसलं की व्हिडिओ कितीही मोठा असला तरी साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे लोक टिकत नाहीत. तेव्हा पंचेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवणारी शाळा मुलांकडून अशक्य गोष्ट मागते आहे.

आणि सगळंच उलटवायचं असंही नाही. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना विचारा. नवा राग गुरूंच्या समोर बसून, त्यांच्या गळ्यातूनच घ्यावा लागतो आणि रियाज घरी होतो. पहिलीतल्या मुलाला अक्षर गिरवायला, लहान मुलांना गोष्ट ऐकायला शिक्षक समोरच हवेत. कुठला भाग घरी पाठवायचा आणि कुठला वर्गात ठेवायचा, हे धड्यागणिक ठरवावं लागतं.

मग पालकांनी काय करावं?

पुढच्या पालक-शिक्षक सभेत विरोध किंवा टाळ्या यांच्याआधी काही प्रश्न विचारता येतील.

• वर्गातल्या चाळीस मिनिटांत मुलं नेमकं काय करणार? या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर नसेल तर बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही.
• घरचा भाग किती मिनिटांचा, आणि एका दिवशी किती विषयांचा? पाच विषयांचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ म्हणजे पन्नास मिनिटं स्क्रीन. त्या बदल्यात लेखी गृहपाठ कमी होणार आहे का?
• छापील पर्याय मिळेल का?
• जे मूल पाहून आलं नाही त्याची सोय काय?
• शिक्षकांना तयारीसाठी मोकळा तास मिळतो का? नसेल तर ही योजना दोन महिन्यांत मोडेल.

घरी करायचं काम त्याहून सोपं आहे. व्हिडिओ लावताना फोनचे नोटिफिकेशन बंद करा. मधेच एक-दोनदा थांबवून "आता पुढे काय होईल?" असं विचारा. पाहून झाल्यावर मुलाला वहीत एक ओळ समजलेली आणि एक प्रश्न न समजलेला लिहायला सांगा. आणि तो न समजलेला प्रश्न आपण सोडवून देऊ नका. आपल्या पिढीत निम्म्या घरांत एक तरी इंजिनीयर आहे, हात शिवशिवतात, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. पण तो प्रश्न वर्गात गेला पाहिजे. शिक्षकांना कुठून सुरुवात करायची ते त्यातूनच कळतं.

आणखी एका गोष्टीचा विचार आपण सगळ्यांनी करायला हवा. भंवरकुआँच्या किंवा गीता भवनच्या बाजूला संध्याकाळी चक्कर मारली तर पाठीवर बॅगा घेतलेली मुलं कोचिंगच्या जिन्यांवर दिसतात. सकाळी शाळेत एकाने समजावलं, संध्याकाळी कोचिंगमध्ये दुसऱ्याने तेच पुन्हा समजावलं, आणि रात्री अकरा वाजता सोडवायची वेळ आली तेव्हा मूल एकटं. समजावणाऱ्याला आपण दोनदा पैसे देतो, आणि मूल अडतं तेव्हा शेजारी बसणारा कुणीच नाही. शाळेचं नाव 'फ्लिप्ड' असो की नसो, व्हिडिओ असो की नसो, तुमच्या मुलाला दिवसातला एखादा तास असा मिळतो का, जिथे ते चुकतंय आणि ती चूक पाहणारं जाणकार माणूस जवळ आहे? तो तास मिळत असेल तर शाळा चांगली आहे. मिळत नसेल, तर पुढच्या सभेत मागायची गोष्ट तीच.